बोलण्याची अट नसलेला वेळ : एका वडिलांचे आणि न बोलणाऱ्या मुलाचे प्रकरण

या प्रकरणातील मुलगा माझ्याकडे आला तेव्हा सहा वर्षांचा होता आणि तो एकही शब्द बोलत नव्हता. त्याची किंवा त्याच्या घरच्यांची ओळख पटेल असे काहीही येथे दिलेले नाही. वाचा-भाषा उपचारतज्ज्ञ म्हणून मी या कुटुंबाबरोबर दीड वर्षाहून थोडा अधिक काळ काम केले. मुलगा आजही बोलत नाही, हे आरंभीच सांगितलेले बरे, कारण असे लेखन वाचणारे पालक बहुधा शेवटी पहिला शब्द कानी पडेल या आशेने वाचत असतात. तरीही हे प्रकरण सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते. वडील खोलीत आले की जो मुलगा उठून जात असे, तो आता त्यांना स्वतःहून बोलावतो, थांबवतो, नकार देतो आणि त्यांच्याबरोबर खेळतो. हे कोणत्या क्रमाने घडले ते पाहिले, तर उपचारांची आपली नेहमीची मांडणी कोठे बदलायला हवी ते लक्षात येते. त्या मांडणीत मुलाने आधी काहीतरी करून दाखवायचे असते आणि मोठ्यांचा प्रतिसाद त्यानंतर मिळतो. येथे प्रतिसाद आधी आला.

पार्श्वभूमी

मुलाचे पहिले वर्ष घरच्यांना निश्चिंत करणारे होते. दीड वर्षाच्या सुमारास तो दोन-तीन शब्द बोलत असे. पुढच्या काही महिन्यांत ते शब्द नाहीसे झाले आणि हाक मारल्यावर वळून पाहणेही कमी झाले. सर्वप्रथम श्रवणाची तपासणी झाली, आणि ती तशी होणे योग्यच होते. मूल बोलत नसेल तर त्याला नीट ऐकू येते की नाही हे निश्चित केल्याशिवाय पुढे जाऊ नये. ऐकणे उत्तम होते. तिसऱ्या वर्षी स्वमग्नतेचे (ऑटिझमचे) निदान झाले. मिळालेले शब्द दुसऱ्या वर्षात हरवण्याचा हा अनुभव स्वमग्न मुलांच्या अनेक पालकांना येतो, आणि त्यामागे पालकांच्या वागण्याचा दोष नसतो. हे या आईवडिलांना सांगणारे कोणी तोपर्यंत भेटलेले नव्हते.

निदानानंतरची तीन वर्षे शब्दांच्या मागे गेली. ‘पाच वर्षांच्या आत बोलला नाही, तर मग कधीच बोलणार नाही’ असे वडिलांच्या ऐकण्यात आले होते आणि त्या एका वाक्याने घराचे वेळापत्रक ठरवले होते. वस्तुस्थिती इतकी टोकाची नाही. चौथ्या वर्षी ज्यांची भाषा फार मागे होती अशा ५३५ स्वमग्न मुलांची माहिती तपासणारा एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील सुमारे ७० टक्के मुले पुढे किमान दोन-तीन शब्द जोडून बोलू लागली आणि ४७ टक्के ओघवते बोलू लागली. याचा अर्थ दार पाचव्या वाढदिवशी बंद होत नाही. पण त्याच आकड्याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे : काही मुले शालेय वयातही फार थोडे बोलतात किंवा मुळीच बोलत नाहीत, आणि स्वमग्न मुलांत हे प्रमाण सुमारे ३० टक्के असावे असे मानले जाते. या मुलांना शब्द येण्याची वाट पाहत ठेवणे म्हणजे त्यांचे बालपण प्रतीक्षालयात बसवून ठेवण्यासारखे आहे.

वडिलांची पद्धत त्यांना जशी शिकवली गेली होती तशीच होती. मुलाला हवी असलेली वस्तू हातात धरायची, तोंडाजवळ न्यायची, ‘दे म्हण’ असे सांगायचे आणि किमान आवाज निघेपर्यंत ती द्यायची नाही. त्याखेरीज रोज संध्याकाळी चित्रांच्या पत्त्यांचा सराव होई. वडील हे सारे अतिशय नेटाने करत असत. स्वतःचे सगळे छंद त्यांनी सोडून दिले होते. पहिल्या भेटीत त्यांनी मुलाच्या शब्दांविषयी बरेच सांगितले, आणि निघताना, दाराशी उभे राहून, खरी तक्रार सांगितली : “मी खोलीत आलो की तो उठून जातो. आईजवळ बसतो, बहिणीजवळ बसतो, माझ्याजवळ बसत नाही.” माझ्या दृष्टीने प्रकरणाचा प्रश्न त्या वाक्यात होता.

घरातील चित्रणातून दिसलेले

मी त्यांना घरातल्या एखाद्या साध्या संध्याकाळचे पंधरा-वीस मिनिटांचे चित्रण करून आणायला सांगितले. ते आम्ही दोघांनी मिळून, आवाज बंद ठेवून, पुन्हा पुन्हा पाहिले. आवाज बंद केल्यामुळे शब्दांची अपेक्षा बाजूला राहते आणि हात, मान, अंतर, नजर यांच्याकडे लक्ष जाते.

पहिल्या पाहण्यात वडिलांना काहीच दिसले नाही; मुलगा आपल्या नादात आहे आणि आपण त्याला बोलावतो आहोत इतकेच त्यांना जाणवले. दुसऱ्या पाहण्यात एका ठिकाणी मी चित्रण थांबवले. मुलगा एका डब्याचे गोल झाकण जमिनीवर उभे फिरवत होता. झाकण डळमळत पडले. मुलाने ते उचलले, वडिलांच्या गुडघ्यावर ठेवले आणि क्षणभर त्यांच्या हातांकडे पाहिले. वडिलांनी झाकण हातात घेतले, मुलाच्या डोळ्यांसमोर धरले आणि विचारले, हे आवाज बंद असूनही कळत होते, की हे काय आहे. मुलाने मान वळवली आणि तो निघून गेला. त्याने वडिलांना खेळायला बोलावले होते. बोलावण्याचे उत्तर म्हणून त्याला एक परीक्षा मिळाली.

तशा आणखी दोन जागा त्या चित्रणात सापडल्या. एकदा मुलगा वडिलांच्या पाठीला पाठ टेकवून बसला होता. वडिलांनी चेहरा दिसावा म्हणून त्याला वळवून समोर बसवले, आणि तो उठला. मुलगा संवाद साधत नाही हे गृहीतक चुकीचे होते. तो थोडा आणि वेगळ्या रीतीने साधत होता, आणि जेव्हा जेव्हा साधत होता तेव्हा त्याचे रूपांतर सरावात होत होते. वडिलांवर याचा दोष ठेवता येत नाही. आपणच, उपचार करणाऱ्यांनी, पालकांना प्रत्येक क्षण ‘शिकवण्याची संधी’ म्हणून पाहायला शिकवले आहे. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन, जे स्वतः स्वमग्न आहेत, त्यांनी २०१२ मध्ये असे मांडले की स्वमग्न आणि इतर माणसे यांच्यातील न समजण्याची अडचण दोन्ही बाजूंची असते. त्या झाकणाच्या प्रसंगात ही मांडणी अगदी उघडपणे दिसते : मुलाला वडिलांचा प्रश्न कळला की नाही ते सांगता येत नाही, पण वडिलांना मुलाचा प्रश्न कळला नव्हता हे निश्चित.

यानंतर मी विचारले की, कोणी काहीही मागत नसते तेव्हा मुलगा काय करतो. उत्तर तत्काळ आले, पण थोडे संकोचाने आले. तो वॉशिंग मशीनजवळ जातो, त्याच्या पत्र्याला कान आणि गाल लावतो, आणि कपडे पिळण्याचा टप्पा सुरू झाला की त्या आवाजाबरोबर स्वतः गुणगुणतो. यंत्राचा सूर चढतो तसा याचा सूर चढतो. हे वर्तन बंद करावे असे त्यांना आधी सांगण्यात आले होते, म्हणून ते त्याला तेथून उठवत असत.

पहिला टप्पा : मुलाच्या जागी जाऊन बसणे

येथून पुढे ज्या पद्धतीचा आधार घेतला ती इंटेन्सिव्ह इंटरॅक्शन या नावाने ओळखली जाते. १९८० च्या दशकात इंग्लंडमधील हार्पर्बरी रुग्णालयाच्या शाळेत, तीव्र बौद्धिक अक्षमता असलेल्या आणि न बोलणाऱ्या तरुणांबरोबर काम करताना, डेव्ह ह्यूएट आणि मेलनी निंड यांनी मानसशास्त्रज्ञ गेराइंट एफ्रेम यांच्या आधीच्या कामाच्या पायावर ती विकसित केली. तिचा गाभा साधा आहे : आई तान्ह्या बाळाशी जसे करते, म्हणजे बाळाच्या आवाजाला आवाज, हालचालीला हालचाल, थांबण्याला थांबणे, तसे मोठ्याने आपले वागणे समोरच्याच्या वागण्यावरून ठरवायचे. पुढाकार त्याचा, उत्तर आपले. साध्य करायचे असे काहीही त्या वेळेपुरते डोळ्यांसमोर ठेवायचे नाही. स्वमग्न मुलांच्या बाबतीत याला पूरक असे एक निरीक्षण मानसशास्त्रज्ञ जेराल्डिन डॉसन यांच्या कामातही आहे. १९९० च्या एका अभ्यासात मातांनी दोन आठवडे रोज वीस मिनिटे मुलांच्या खेळाचे अनुकरण केले, तेव्हा मुलांचे आईच्या चेहऱ्याकडे पाहणे वाढले.

वडिलांना दिलेली सूचना अशी होती. चित्रांचे पत्ते कपाटात बंद करायचे. रोज एक ठरावीक लहान वेळ घ्यायचा, ज्यात प्रश्न विचारायचा नाही, सूचना द्यायची नाही, वस्तू अडवून धरायची नाही. मशीन चालू असेल तर त्याच्या शेजारी जमिनीवर बसायचे, मुलापासून तो सुचवेल इतक्या अंतरावर.

त्यांनी हरकत घेतली आणि ती विचार करण्याजोगी होती. जे वर्तन कमी करायचे तेच आपण केले तर ते वाढणार नाही का? मी त्यांना सांगितले की गुणगुणण्यामुळे मुलाला किंवा इतर कोणाला इजा होत नाही. ते त्याला शांत करते. आणि या घडीला त्याच्या जगात दुसऱ्या माणसाला बसायला जागा आहे ती एवढीच. हे वर्तन वाढेल की घटेल याची चिंता सोडून, त्यात दोघे मावतात का हे पाहायचे होते. मुलाचे रडणे, कान झाकणे किंवा स्वतःला मारणे यांचे अनुकरण मात्र कधीही करायचे नाही, हेही तेव्हाच स्पष्ट केले. यातना दाखवणाऱ्या वर्तनाची नक्कल ही चेष्टा ठरते, तिला उत्तर म्हणता येत नाही.

पहिले काही दिवस मुलगा त्यांना पाहून उठून गेला. ते तेथेच बसून राहिले, मागे गेले नाहीत. नंतर तो उठेनासा झाला, पण पाठ करून बसे. एका संध्याकाळी यंत्राचा वेग वाढू लागला, मुलगा गुणगुणू लागला, आणि वडिलांनी अगदी हलक्या आवाजात त्याच्याच सुरात सूर मिळवला. मुलगा थांबला. वडीलही थांबले. मुलाने एक छोटा आवाज काढला. वडिलांनी तेवढाच छोटा काढला. मग मुलाने, यंत्राकडे पाहत असतानाच, मुद्दाम एक लांब आणि डळमळता सूर लावला, जसा यंत्र कधीच काढत नाही. वडिलांनी सांगितले की त्या वेळी त्यांना प्रथमच वाटले, हा माझ्यासाठी आहे.

पुढच्या आठवड्यांत जे घडले ते मी माझ्या खोलीतही पाहिले. मुलगा वडिलांच्या मांडीजवळ सरके, त्यांच्या गळ्यावर, कंठाच्या उंचवट्याखाली, आपला तळहात सपाट ठेवे आणि वाट पाही. वडील गुणगुणले की बोटांना कंप जाणवे आणि मुलाचे खांदे सैल होत. ते थांबले की मुलगा तळहात किंचित दाबे. दाबला की सूर, उचलला की शांतता. मुलाने यंत्राच्या पत्र्यात जे शोधले होते ते त्याला वडिलांच्या गळ्यात मिळाले होते, आणि यंत्रापेक्षा यात एक गोष्ट अधिक होती : हे त्याच्या सांगण्याने सुरू होत होते.

हा तळहात म्हणजे पूर्ण अर्थाने संवाद आहे. त्यात उद्देश आहे, दुसरी व्यक्ती निवडलेली आहे, उत्तराची प्रतीक्षा आहे आणि उत्तर मिळाले नाही तर पुन्हा सांगण्याचा प्रयत्न आहे. बोलणाऱ्या मुलांतही शब्दांच्या आधी हेच येते. जेथे हे नाही तेथे शब्द शिकवता येतात, पण ते कोणाला सांगायचे हे शिकवता येत नाही.

याच काळात आईने एक वही सुरू केली, जिच्यात ‘तो काय करतो’, ‘आपल्याला काय वाटते’ आणि ‘आपण काय करतो’ असे तीन रकाने होते. आईला मुलाचे पुष्कळसे संकेत आधीपासून माहीत होते. ती इतक्या सहजपणे त्यांना उत्तर देत असे की ते संकेत आहेत हे कोणाला सांगावे असे तिला वाटलेच नव्हते. धाकट्या बहिणीची भरही मोलाची ठरली. दादा दाराच्या बिजागरीकडे बघतो तेव्हा त्याला बाहेर जायचे नसते, त्याला दार हलवायचे असते, हे तिने सांगितले आणि ते बरोबर निघाले.

दुसरा टप्पा : चिन्हे

तळहाताची भाषा गळ्याजवळ असतानाच चालते. दुरून सांगायला, काल-उद्याचे सांगायला, अनोळखी माणसाला सांगायला ती अपुरी पडते. म्हणून दोघांचा खेळ स्थिर झाल्यावर चिन्हांचा फलक, म्हणजे ज्यावरील चिन्हांवर बोट ठेवून सांगता येते असा कागदी तक्ता, आणला. यावर वडिलांची पहिली प्रतिक्रिया सर्वच पालकांची असते : चिन्हे दिली तर तो बोलण्याचा प्रयत्न सोडून देईल. ही भीती स्वाभाविक आहे, पण तिला आधार नाही. डायन मिलर, जॅनिस लाइट आणि राल्फ श्लॉसर यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात, ज्यांच्याविषयीची माहिती सर्वांत भरवशाची होती अशा २७ व्यक्तींपैकी एकाचेही बोलणे पर्यायी संवादसाधनांमुळे कमी झालेले आढळले नाही. ११ टक्क्यांत फरक पडला नाही आणि ८९ टक्क्यांत काही ना काही वाढ दिसली. वाढ बहुतांशी माफक होती, हेही मी वडिलांना सांगितले. फलक बोलणे आणण्यासाठी नव्हता. मुलाला आज काही सांगता यावे म्हणून होता.

चित्रे देऊन वस्तू मागण्याची जी पद्धत बऱ्याच ठिकाणी वापरली जाते, ती अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी १९८५ मध्ये अमेरिकेत विकसित केली. ती अनेक मुलांना उपयोगी पडलेली आहे आणि मीही ती वापरते. या मुलासाठी मी ती निवडली नाही, कारण तिचा आरंभ मागणीपासून होतो, आणि या मुलाच्या अनुभवात मागणी म्हणजे तीन वर्षे भरलेला दंड होता. त्याला आधी मागण्याखेरीजचे शब्द हवे होते. फलकावर पहिल्यांदा ठेवलेली चिन्हे अशी होती : आणखी, थांब, नको, संपले, बघ, मदत, तू, मी, जा, आवाज. वस्तूंची नावे जवळजवळ नव्हती. ‘आणखी’ आणि ‘थांब’ दिवसभरात कोठेही, कशासाठीही लागतात. ‘चेंडू’ केवळ चेंडूपुरता लागतो.

फलक वापरायचा होता तो वडिलांनी. स्वतः बोलताना एकेका चिन्हावर बोट ठेवायचे, ‘आणखी आवाज’ म्हणताना दोन चिन्हे दाखवायची, आणि मुलाला दाखवायला सांगायचे नाही. बोलणारे मूल पहिला शब्द काढण्याआधी वर्षभर भाषा ऐकत असते. चिन्हांची भाषा शिकणाऱ्याला मात्र आपण फलक हातात दिल्याच्या दिवशीच उत्तर मागतो. हा अन्याय टाळायचा होता. पण तो टाळणे पालकाला किती जड जाते याची कल्पना बाहेरून येत नाही. काही आठवडे मुलाने फलकाकडे ढुंकूनही पाहिले नाही, एकदा त्यावर पाय देऊन गेला. वडील रोज विचारत, आणखी किती दिवस. मी त्यांना मुदत दिली नाही, कारण ती देण्यासारखी माझ्याजवळ नव्हती.

पहिले चिन्ह ‘थांब’ हे होते. वडील गुणगुणत असताना मुलाने फलकावर ‘थांब’ या चिन्हावर चापट मारली. ती सहज लागली असेल अशी शक्यता होती, आणि वडिलांनी त्या शक्यतेचा विचार न करता तत्क्षणी आवाज थांबवला. हे आम्ही आधी ठरवले होते : अर्थ असल्याचे मानून उत्तर द्यायचे. अपंगत्वाच्या शिक्षणक्षेत्रात अ‍ॅन डोनेलन यांनी १९८४ मध्ये असा निकष सुचवला की खात्रीची माहिती नसेल तेव्हा, चूक ठरले तरी मुलाचे कमीत कमी नुकसान करणारे गृहीतक निवडावे. चुकून लागलेल्या चापटीला मान दिल्याने काही बिघडत नाही. मुद्दाम दिलेल्या संदेशाकडे दुर्लक्ष झाले तर पुष्कळ बिघडते. मुलाने वडिलांकडे पाहिले, गळ्यावर हात दाबला, सूर सुरू झाला, पुन्हा चापट मारली, सूर थांबला. मग तो हसू लागला आणि बराच वेळ त्याने वडिलांना सुरू-बंद केले. त्या आठवड्यात त्याने वर्तमानपत्र वाचणे, फोनवर बोलणे, बहिणीचे गाणे, सगळेच ‘थांब’वून पाहिले.

‘नको’ नंतर आले आणि ते अधिक अवघड होते, कारण त्याचा मान राखणे मोठ्यांना अवघड जाते. नकाराचा मान फक्त आपल्याला सोयीचे असेल तेव्हाच राखला, तर ते चिन्ह पोकळ होते. दुसरीकडे औषध आणि नखे कापणे टळत नाही. आम्ही असे ठरवले की टाळता येण्यासारखे असेल ते निमूट टाळायचे. टाळता येत नसेल तेथे फलकावर ‘नको’ दाखवून ‘तुला नको आहे, मला कळले’ असे सांगायचे, थोडे थांबायचे, आणि मग कोणता हात आधी हे त्याने ठरवायचे. नखे कापताना पूर्वी दोघांनी मिळून धरावे लागे. आता तो एक हात पुढे करतो, दोन बोटे झाली की ‘थांब’ सांगतो, उठून घरभर फिरतो आणि परत येतो. वेळ चौपट लागतो. तो लागू द्यावा असे माझे मत आहे.

एक मोह आणि त्याविषयी स्पष्टता

या सुमारास एका नातेवाइकाने वडिलांना सांगितले की मुलाचा हात किंवा कोपर धरून त्याला अक्षरफलकावर टंकलेखन करायला लावले, तर तो पूर्ण वाक्ये लिहील. वडील मोठ्या आशेने माझ्याकडे आले. जे वाक्य ऐकण्यासाठी माणूस वर्षानुवर्षे तळमळतो ते उद्याच वाचायला मिळेल असे कोणी सांगितले तर त्याला नाही म्हणणे सोपे नसते, म्हणून मी हा विषय घाईने उरकला नाही. १९७० च्या दशकात ऑस्ट्रेलियात रोझमेरी क्रॉस्ली यांनी सुरू केलेली आणि पुढे अमेरिकेत पसरलेली ही पद्धत १९९० च्या दशकात काटेकोरपणे तपासली गेली. मुलाला आणि हात धरणाऱ्याला वेगवेगळी चित्रे दाखवली, तेव्हा लिहिले गेलेले उत्तर हात धरणाऱ्याने पाहिलेल्या चित्राचे निघाले. हात धरणारी माणसे लबाड नव्हती. आपणच लिहितो आहोत हे त्यांना कळत नव्हते. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने १९९४ मध्ये या पद्धतीला वैज्ञानिक आधार नसल्याचे जाहीर केले, आणि वाचा-भाषा-श्रवणतज्ज्ञांच्या अमेरिकेतील संघटनेने २०१८ मध्ये ती वापरू नये असे सांगितले.

मी वडिलांना एवढेच विचारले की मुलाने स्वतः मारलेली ‘थांब’ची चापट त्यांना हवी आहे, की स्वतःच्या हाताने लिहिलेले मुलाचे पत्र. ते काही वेळ गप्प बसले. नंतर त्यांनी हा विषय काढला नाही. साक्षरता मात्र आम्ही सोडली नाही. अक्षरफलक मुलासमोर असतो, त्याला कोणी हात लावून मदत करत नाही, आणि त्याला आवडते तेव्हा तो त्यावर बोटे फिरवतो.

दात

वर्ष होत आले असता मुलाने अचानक स्वतःच्या जबड्यावर मुठीने मारायला सुरुवात केली. शाळेतून तक्रारी आल्या, वर्तन बिघडले असा शेरा आला आणि वर्तनाला आळा घालण्याची योजना सुचवली गेली. वडिलांनी ती थांबवून ठेवली. त्यांनी मला कळवले की मारण्याच्या दोन-तीन दिवस आधीपासून त्याने गुणगुणणे सोडले आहे, आणि वडिलांनी सूर लावला तर तो फलकावर ‘थांब’ सांगतो; खेळ आवडेनासा झाला असे त्यांना वाटत नव्हते, कारण तो जवळ येऊन बसतच होता. तोंड बंद ठेवून गुणगुणताना दात किंचित भिडतात आणि कंप जबड्यापर्यंत जातो. दंतवैद्यांना मागच्या दाढेत खोलवर कीड आणि सूज आढळली. उपचारानंतर मारणे थांबले आणि काही दिवसांनी सूर परत आले.

न बोलणाऱ्या मुलाच्या वागण्यात अचानक असा बदल झाला तर आधी दात, कान, पोट आणि झोप तपासावी, हे आमच्या क्षेत्रात सर्वांना ठाऊक असते. तरीही शेरा आधी वर्तनाचा येतो. या मुलाच्या बाबतीत तपासणी लवकर झाली त्याचे कारण असे की वडिलांना त्याची नेहमीची अवस्था इतक्या बारकाईने माहीत झाली होती की तिच्यातील एक वजाबाकी त्यांच्या लक्षात आली. या घटनेनंतर फलकावर ‘दुखते’ हे चिन्ह आणि शरीराचे एक साधे चित्र जोडले. ही जोड आरंभीच्या फलकातच असावी, असे मी आता प्रत्येक कुटुंबाला सांगते.

सध्याची स्थिती

मुलगा आता साडेसात वर्षांचा आहे. त्याच्याजवळ आवाज देणारे संवाद-ॲप असलेला टॅब्लेट आहे, आणि कागदी फलकही आहे, कारण टॅब्लेटची बॅटरी संपते आणि तो पाण्याजवळ नेता येत नाही. टॅब्लेट आल्यावर पहिल्या आठवड्यात वडील पुन्हा ‘हे दाखव, ते दाखव’ असे विचारू लागले होते. मुलाने तो उशीखाली ठेवून दिला आणि वडिलांना उमगले. मुलगा दोन चिन्हे जोडतो : ‘बाबा आवाज’, ‘जा नको’, ‘आणखी मी’. शेवटच्या जोडणीचा अर्थ आम्हाला अजून नीट लागलेला नाही. वडिलांचा अंदाज असा आहे की आता सूर मी लावणार, तू ऐक, आणि त्या अंदाजाप्रमाणे वागले की तो समाधानी दिसतो. बोललेले शब्द नाहीत. आवाजांत विविधता वाढली आहे, पण तिच्यातून शब्द येतील असे भाकीत मी करत नाही. वडिलांनी ते विचारणे सोडलेले नाही आणि सोडावे असे मला वाटतही नाही. त्यांची संध्याकाळ त्या उत्तरावर अवलंबून राहिलेली नाही एवढे मात्र खरे.

शाळेत स्थिती वेगळी आहे. तेथे फलक दप्तरात राहतो, मुलाच्या तळहाताचा अर्थ कोणाला माहीत नाही, आणि गळ्याकडे गेलेला हात अंगचटपणा समजला जातो. यासाठी सध्या आम्ही त्याचे संवाद-पारपत्र तयार करत आहोत. १९९० च्या दशकाच्या आरंभी स्कॉटलंडमध्ये सॅली मिलर यांनी विकसित केलेला हा प्रकार म्हणजे मुलाच्या वतीने प्रथमपुरुषी लिहिलेली छोटी पुस्तिका असते : मी असे केले तर त्याचा अर्थ हा, तेव्हा तुम्ही असे करा. आईची तीन रकान्यांची वही हा तिचा मसुदा आहे. ‘हात गळ्याकडे’ या नोंदीपुढे वडिलांनी शिक्षिकेसाठी पर्यायही लिहिला आहे, की मनगट पुढे करावे आणि मेजावर बोटांनी हलकी थाप द्यावी; कंप तेथूनही पोहोचतो, हे त्यांनी घरी मुलाबरोबर आधी पडताळून पाहिले आहे. नव्या शिक्षिका पुढच्या महिन्यात घरी येऊन एक संध्याकाळ मशीनजवळ दोघांच्या शेजारी बसणार आहेत.